निल्याच्या मजल्याच्या सळया

विठाबाईचा पाय त्या दिवशी जमिनीला ठरत नव्हता. सकाळपासून ती सात वेळा गच्चीवर जाऊन आली, आणि सातही वेळा जे करायला गेली ते न करताच खाली उतरली. गुडघे कुरकुरत होते, पण गुडघ्यांना विचारतंय कोण! बुद्धपौर्णिमेची वंदना झाली होती, फोटोंना हार घालून झाले होते, खिरीचं पातेलं झाकून ठेवलं होतं, आणि बाई पुन्हा जिन्याकडे निघालीच होती.

काम म्हणाल तर एवढंसं. उद्या सकाळी धाकट्या निलेशच्या मजल्याचे कॉलम भरायचे होते. ठेकेदार आकाश काल फळ्या, सिमेंट आणि टेकू गच्चीवर रचून गेला होता आणि जाताना म्हणाला होता, "मावशी, त्या सळयांवरच्या चिंध्या तेवढ्या सोडून ठेवा. पोरं आली की नव्या सळया जोडायला घेतील."

चिंध्या म्हणे! विठाबाईला तो शब्दच झोंबला होता. चोवीस वर्षांपूर्वी वलवणच्या या घरावर थोरल्या राजेंद्रचा मजला चढला, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, सीतारामनं, सहाही कॉलमच्या सळया स्लॅबच्या वर तीन-तीन फूट उभ्या ठेवल्या होत्या. दोन मुलगे असलेला माणूस अशाच ठेवतो. वलवणात काय आणि पार परंदवडीपर्यंत काय, कुठल्याही गच्चीवर बघा. शिवाय सीताराम सळयांतलाच माणूस. खंडाळ्याच्या कितीतरी बंगल्यांच्या सळया त्यानं वाकवल्या आणि तारेनं बांधल्या होत्या. स्वतःच्या घराच्या सळया त्यानं सुट्टीच्या दिवशी बांधल्या, आणि स्लॅबच्या दिवशी विठाबाईनं डोक्यावरून घमेली वाहिली. संध्याकाळी बारा वर्षांच्या निलेशला त्यानं हाताला धरून त्या सळयांपाशी नेलं आणि सांगितलं, "ह्यो तुजा मजला." पोरगं कितीतरी वेळ वर मोकळ्या हवेकडे बघत राहिलं होतं.

तेव्हापासून विठाबाईनं त्या सळया जपल्या. इथला पाऊस म्हणजे चार महिने छपराखालचं लोखंडसुद्धा तांबूस व्हायचं. म्हणून दर वर्षी मे सरता सरता ती प्रत्येक सळईला बुडापासून जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळायची, वरून खताची रिकामी पिशवी चढवायची आणि सुतळीनं करकचून आवळायची. जुनं काढायचं नाही, वरून नवं चढवायचं. चोवीस पावसाळ्यांत त्या सळया दंडाएवढ्या जाड झाल्या होत्या. त्यांनाच तिची कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली होती.

आणि त्या दोरीपायीच तर तिचा जीव टांगणीला लागला होता. गेल्या दिवाळीत गोधड्या वाळत घालताना तिनं दोरी ताणली, आणि कोपऱ्यातली सळई हलली. दात पडायच्या आधी हलतो, तशी. तिनं हात मागे घेतला होता, दोरी पलीकडच्या सळईला बांधली होती, आणि कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता.

आठव्या खेपेला ती वर पोचली, तर प्रतीक्षा तिथं आधीच उकिडवी बसलेली. राजेंद्रची लेक, वय तेवीस, जुन्या इमारती तपासणाऱ्या पुण्याच्या एका ऑफिसात इंजिनियर. सणाला घरी आली ती पाठीवरच्या बॅगेत हातोडी घेऊन. आता ती कोपऱ्यातल्या कॉलमच्या डोक्यावर हातोडीनं टकटक करत होती आणि मान वाकडी करून आवाज ऐकत होती.

"काय गं, सणासुदीचं काय ठोकत बसलीयास?"

"आजी, हे ऐक." तिनं मधल्या जागेवर हातोडी मारली. टणटणीत आवाज आला. मग कॉलमजवळ मारली. आवाज भद्द आला, फुटक्या माठासारखा. "आतून सुटलंय हे. आणि ही भेग बघ, सळईच्या रेषेतच खाली गेलीय. पप्पांच्या खोलीत पण हिचीच पुढची भेग आहे. खाली तुझ्या स्वयंपाकघरात काय आहे?"

"काय असायचंय? भिंत हाय," विठाबाई फटकन म्हणाली. "आन् हे बघ, आज निल्याचा दिवस हाय. त्याच्यापुडं असलं काय बोलू नगं."

पण प्रतीक्षा ऐकणाऱ्यातली नव्हती. आजीवरच गेली होती ना!

दुपारी सगळे खालच्या खोलीत जमले. निलेश तळेगावहून पहिल्या पाळीनंतर थेट आला होता, कंपनीच्या शर्टावरच. त्याच्या बायकोनं, रतननं, पेढे आणले होते. अकरा वर्षांत त्या दोघांनी भाड्याची सहा घरं बदलली होती. दर वेळी करार संपला की खोकी भरायची. रतन तर आता काही खोकी उघडतच नसे. आज ती खिडकीचे पडदे कुठल्या रंगाचे लावायचे ते विचारत होती, आणि विठाबाई नुसती मान डोलवत होती.

राजेंद्र रेल्वेच्या ड्यूटीवरून आलेला, पाय पसरून बसला होता. सीताराम त्याच्या नेहमीच्या जागी होता, स्वयंपाकघराच्या दाराशी, भांड्यांच्या लोखंडी मांडणीला पाठ टेकून.

खिरीच्या वाट्या फिरल्या आणि प्रतीक्षानं तोंड उघडलं.

"काका, उद्या काँक्रीट भरू नका."

निलेशचा हात वाटीतच थांबला. "का गं बाई? मुहूर्त बघितलास का?"

"कॉलम गंजलेत. आतल्या सळया. वरचं वजन सोडा, आहे तेच किती वर्षं पेलतील सांगता येत नाही. आधी टेकू लावायला हवेत, मग एकेक कॉलम उघडून दुरुस्त करायला हवा. आणि वर मजला तर अजिबात नाही."

निलेश हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

"वा! भाऊचा मजला चढला तवा समदं ठीक हुतं. चोवीस वर्सं भाऊ त्यात ऱ्हायला, लेक शिकली, इंजिनियर झाली, आन् माझी पाळी आली तवा घर गंजलं व्हय?"

"निल्या, जरा तोंड सांभाळून," राजेंद्र म्हणाला.

"का सांभाळू? भाऊ, तूच तिला शिकवलं का ह्ये? सरळ सांग की, वर कुणी नको म्हणून. गच्ची तुला मोकळी पायजेल."

"आरं, माझीच पोरं त्या छताखाली झोपत्यात! मला काय गंमत वाटतीया का?"

विठाबाईनं ताट जमिनीवर आपटलं. "गप ऱ्हावा दोगंबी! प्रतीक्षा, दोन बुकं शिकलीस म्हंजी काय आभाळाला हात लागलं न्हाईत तुजं. ह्ये घर तुज्या आज्यानं बांधलंय, स्वताच्या हातानं. त्याला इचार की सळया कशा हायत ते. आवं, बोला की!"

सगळ्यांनी सीतारामकडे पाहिलं. सीताराम वाटीतली खीर बोटानं एका कडेला लोटत होता. ज्या माणसाला सळईतलं एवढं कळतं, त्यानं नातीला दोन शब्दांत गप करायला हवं होतं. त्यानं ते केलं नाही.

"आबा," प्रतीक्षा हळू आवाजात म्हणाली, "ती मांडणी सरकवू का? त्यामागं कॉलम आहे ना?"

"न्हाई सरकवायची," सीताराम म्हणाला. "भांडी पडत्याल."

भांडी पडतील! सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं भांड्यांची काळजी कधी केली नव्हती. विठाबाईला एकदम आठवलं. दर वर्षी मे महिन्यात ती मैत्रिणींबरोबर बाजारात गेली की हा घरी थापी घेऊन बसलेला असायचा. परत यावं तर मांडणीमागे ओलं सिमेंट, वर चुन्याचा हात. "उंदरानं पोखरलंय," असं म्हणायचा. तिनं कधी उंदीर बघितला नव्हता आणि कधी विचारलंही नव्हतं.

ती उठली. "उठा तितनं."

"अगं..."

"उठा म्हंते ना!"

तो उठला. तिनं आणि रतननं मिळून भांडी उतरवली, मांडणी ओढली. मागचा कॉलम पांढराशुभ्र होता, घरातल्या दुसऱ्या कुठल्याही भिंतीपेक्षा जास्त पांढरा. मधोमध, वरपासून खालपर्यंत, केसाएवढी बारीक तपकिरी रेघ. प्रतीक्षानं हातोडीनं दोनदाच मारलं. प्लास्टरचा परातीएवढा पोपडा सुटून जमिनीवर पडला, आणि आतलं काँक्रीटही त्याच्यासोबत आलं.

सळई उघडी पडली. ती सळई म्हणावी तर कशी? तांबडे, काळे पापुद्रे एकावर एक. प्रतीक्षानं नखानं ओढला तसा एक पापुद्रा हातात आला.

"लोखंड गंजलं की फुगतं, आजी," ती म्हणाली. आवाजात आता इंजिनियर कमी आणि नात जास्त होती. "दुप्पट-तिप्पट जागा मागतं. आत जागा नाही, मग ते काँक्रीटलाच फोडतं. भेग पडली की आणखी पाणी आत जातं, आणखी गंज. वरून प्लास्टर करून ते थांबत नाही, नुसतं दिसत नाही."

तिनं बॅगेतून एक बाटली काढली आणि उघड्या काँक्रीटवर फवारा मारला. "चांगलं काँक्रीट असेल तर हे औषध लागलं की गुलाबी होतं. सिमेंटमध्ये चुन्यासारखा गुण असतो, तोच सळईला गंजू देत नाही. हवा-पाणी शिरत गेलं की तो गुण मरतो."

सगळे वाकून बघत राहिले. काँक्रीट राखाडीच राहिलं. फक्त पार आत, कॉलमच्या गाभ्यात, एक हातभर पट्टा हळूहळू गुलाबी झाला. सळईच्या आसपास काही नाही.

"तुमाला ठावं हुतं," विठाबाई नवऱ्याला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळेच सीताराम जास्त दचकला.

"सात वर्सं झाली," तो म्हणाला. "पयली रेघ बघितली तवाच कळलं. दुसऱ्याच्या बंगल्यात बघितली असती तर मालकाला म्हनलो असतो, पैलं टेकू लाव. पन ह्ये माजं बांधलेलं. मी बांधलेल्या सळया गंजल्या म्हनून कुनाला सांगू? आन् सांगितलं तर ह्या पोराला काय तोंड दावू? त्याला कबूल केलं हुतं म्या." त्यानं जमिनीवरचा पोपडा पायानं बाजूला सारला. "म्हनलं, माज्यानंतर बघत्याल. लय वंगाळ केलं."

"वंगाळ? आबा, हितं आये रोज सैपाक करती!" निलेश ओरडला. मग त्याचा सूर बदलला. बुडणारा माणूस हात मारतो तसं तो म्हणाला, "पन वरच्या? वरच्या सळया तर चांगल्या असत्याल ना? खालचं दुरुस्त करू. वरच्या आयनं जपल्यात. दर साली. कुनी जपल्या नसत्याल एवढ्या."

विठाबाईनं जिन्याची वाट धरली, आणि बाकीचे तिच्या मागोमाग निघाले. नवव्या खेपेला तिचे गुडघे कुरकुरलेसुद्धा नाहीत.

गच्चीवर ऊन उतरणीला लागलं होतं. वळवाचा पाऊस आठ दिवसांपूर्वी पडून गेला होता आणि गच्ची ठणठणीत वाळली होती. ती कोपऱ्यातल्या सळईपाशी बसली, सुतळी दातानं तोडली आणि सोडायला लागली.

वरची पिशवी. खाली गेल्या वर्षीचं हिरवं लुगडं. मग पिशवी. मग राजेंद्रच्या लग्नात नेसलेलं जांभळं. मग परत पिशवी. जसजशी ती आत जाऊ लागली तसतसं कापड काळं पडत गेलं, बुळबुळीत झालं, आणि मग ओलं लागलं. मे महिन्याच्या उन्हात ओलं! पार शेवटी निळ्या काठाची एक पट्टी होती. निलेशच्या वेळी दवाखान्यातून घरी आली तेव्हा तिच्या अंगावर होतं ते लुगडं. ती पट्टी सळईला अशी चिकटली होती की सोडवताना लोखंडाचे पापुद्रेच तिच्यासोबत आले.

वरचं टोक बोटाएवढं जाड होतं. बुडाला, जिथून सळई स्लॅबमध्ये शिरत होती, तिथं ती पेन्सिलीएवढी उरली होती. विठाबाईनं ती मुठीत धरली आणि जरा वाकवली. कट्‌ झालं. सळई तिच्या हातात आली.

तिनं ती नातीसमोर धरली.

"कशानं झालं ह्ये?" तिनं विचारलं.

प्रतीक्षा खाली बघायला लागली. "आजी, पाऊस इथं खूपच आहे. तसाही गंज..."

"मला फसवू नगं. तुज्या आज्यानं फसवलं तेवढं पुरं झालं. कापडानं झालं का?"

"उघड्या असत्या तर भिजल्या असत्या आणि वाळल्याही असत्या," प्रतीक्षा कशीबशी म्हणाली. "गंजल्या तरी हळूहळू. पण कापडानं पाणी धरून ठेवलं, आणि पिशवीनं ते वाळू दिलं नाही. बारा महिने बूड ओलं. तिथूनच पाणी सळईच्या कडेनं कॉलममध्ये उतरत गेलं. खालून जोत्याचीही ओल चढली, पण सुरुवात इथून झाली. तुला माहीत नव्हतं, आजी. कुणालाच..."

"मला ठावं हुतं," विठाबाई म्हणाली. "दिवाळीतच ही हलली. माज्या हातात हलली, आन् मी दोरी दुसरीकडं बांधली."

ती मटकन फळ्यांच्या ढिगावर बसली. रतन येऊन शेजारी बसली आणि तिनं सासूच्या पाठीवर हात ठेवला. राजेंद्र तोंड फिरवून वलवणच्या धरणाच्या दिशेला बघत राहिला. निलेशनं आईच्या हातातली मोडकी सळई घेतली. त्याच्या कंपनीत रोज असल्या शेकडो सळया कापल्या जात असतील, पण तो तिच्याकडे असं बघत होता जणू लोखंड पहिल्यांदाच बघतोय.

"म्हंजी मजला न्हाई," तो म्हणाला.

सगळ्यांची नजर जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सीतारामकडे गेली. म्हाताऱ्यानं मान खाली घातली. विठाबाईला कळलं की हे त्याच्याच्यानं व्हायचं नाही. आणि आता पुन्हा गप्प राहिलं तर, उंदरानंतर आणि दोरीनंतर, तिच्या हातून तिसऱ्यांदा तेच होईल, हेही कळलं.

"न्हाई, बाळा," ती म्हणाली. "तुजा मजला न्हाई हुयाचा. ह्या घरावर आता काय चढवायचं न्हाई. बारा वर्सांचा हुतास तवापास्नं तुला ह्या सळया दावून आशेवर ठिवलं. भाड्याच्या खोल्यांतनं फिरलास, कदी तक्रार केली न्हाईस, का तर आय सळया जपतीया. आन् आयनंच कुजवल्या. मला मारलंस तरी मी काय म्हननार न्हाई." आणि ती पदरात तोंड घालून रडायला लागली, मोठ्यानं, शेजारच्या गच्चीवर ऐकू जाईल असं.

निलेशनं सळई खाली ठेवली आणि तो जिन्याकडे निघाला. रतन उठली, तर त्यानं हातानंच तिला थांबवलं. दोन पायऱ्या उतरल्याचा आवाज आला. विठाबाईनं कान दिला. आता फाटक वाजेल, मग गाडी सुरू होईल, आणि मग हा पोरगा या घराची पायरी चढायचा नाही.

पावलं तिथंच थांबली. मग परत वर आली.

"प्रतीक्षा," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "टेकू किती लागत्याल?"

"दोन्ही मजले मिळून दहा तरी. आजच लागले तर बरं, काका."

"हितं चौदा हायत." त्यानं स्वतःच्या मजल्यासाठी आणलेल्या टेकूंतला वरचा एक उचलला. "आकाशला फोन लाव, म्हनावं उद्या काँक्रीट न्हाई, पोरं तेवढी पाठव. भाऊ, बघतोस काय? त्या टोकाला धर की."

राजेंद्र धावलाच. दुपारी एकमेकांच्या अंगावर गेलेले ते दोघे भाऊ एक टेकू खांद्यावर घेऊन जिना उतरायला लागले, वळणावर "हळू, भिंत हाय", "मला दिसतंय, तू बघ" असं भांडत भांडत. सीताराम त्यांच्या मागून उतरला. खाली पोचल्यावर तोच पुढे झाला. कुठल्या बीमखाली, कॉलमपासून किती हातावर, फळी आडवी घालायची की उभी, हे त्याच्याइतकं तिथं कुणालाच कळत नव्हतं. सात वर्षांपूर्वी करायचं काम तो आता करत होता, आणि त्याचे हात चुकत नव्हते. प्रतीक्षा नुसती बघत होती. एकदा तिनं काही सुचवलं, तर म्हातारा म्हणाला, "व्हय, तसंच कर," आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

विठाबाई खाली आली तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात, चुलीपासून दोन हातांवर, निलेश टेकूच्या बुडाशी पाचर ठोकत होता. भांडी सगळी दाराबाहेर पडली होती. उघड्या कॉलमला घासून त्याच्या कपाळावर गंजाचा तांबडा पट्टा उमटला होता. तिनं पदराचं टोक ओलं करून तो पुसायला घेतला. निघेना.

"ऱ्हाऊ दे, आये. अजून नऊ लावायचंत." त्यानं पाचरीवर आणखी एक घाव घातला आणि टेकू हलवून बघितला. हलला नाही. "तू आन् आबा उद्याच्याला बोचकं आवरा. काम होईस्तवर माझ्याकडं तळेगावला चला. दोन खोल्या हायत. भाऊ आन् वैनींचं रेल्वे क्वार्टरचं बघू."

ज्याला घर द्यायचं होतं तोच घर देत होता, आणि तेही दोन खोल्यांतलं, पाचर ठोकता ठोकता. विठाबाईनं नाक पदराला पुसलं.

"कपडं कुटं वाळत घालू तितं?"

"गॅलरीत दोरी हाय."

"कशाला बांधलीया?"

निलेशनं वर बघितलं. तिच्या तोंडाकडे बघून त्याला दिवसभरात पहिल्यांदा खरं हसू आलं.

"प्लॅस्टिकच्या हुकाला, आये."

"मंग येते," ती म्हणाली, आणि दाराबाहेरच्या भांड्यांतून खिरीचं पातेलं शोधायला वळली.